तिचे घोट्यावरचे बूट

पांढऱ्या कॅनव्हासचे, घोट्याच्या वर येणारे ते बूट माझे नव्हते. आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघात माझ्याआधी सेंटरला जी खेळायची, त्या माझ्या मैत्रिणीचे होते. आम्ही दोघी मंगळवार पेठेतल्या, एकाच गल्लीतल्या. सत्तरच्या दशकातल्या त्या वर्षांत असले बूट कोल्हापुरात आम्ही तरी पाहिले नव्हते. तिच्या मामानं मुंबईहून आणले होते. बाकीच्या आम्ही शाळेत पीटीला असायचे तसल्याच बुटांत खेळायचो.

ती ते घालून पहिल्यांदा आली तेव्हा पलीकडं व्हॉलीबॉल खेळणारी पोरंसुद्धा थांबली. खेळ संपल्यावर ती टाच चोळत मला म्हणाली, "दिसायला राजा, घालायला सजा." तळ सपाट आणि कडक, सिमेंटवर उडी मारली की कळ मस्तकात जायची. उन्हात पाय आत शिजायचे. पण घोटा असा घट्ट धरायचे, की पाय मुरगळायची भीतीच नाही.

स्पर्धा तोंडावर आल्या आणि तिचं लग्न ठरलं. स्थळ बिद्रीकडचं, बागायतदार. तिला कुणी विचारलं नाही, तिनंही काही आदळआपट केली नाही. हळदीच्या आदल्या संध्याकाळी वर्तमानपत्रात गुंडाळलेले बूट घेऊन ती आमच्या दारात उभी.

"घे. तुझा पाय सारखा मुरगळतोय."

"अगं, तुझे आहेत ते. घेऊन जा तिकडं."

"तिकडं काय उसाच्या फडात घालू व्हय?" ती हसली. आम्ही पेठेतल्या मुली पोरांसारखंच बोलायचो. "जातो मी. चांगलं खेळ की."

तिची जागा मला मिळाली. बूट मोठे व्हायचे, म्हणून पुढं कापूस कोंबला. आम्ही जिंकलो, विद्यापीठाच्या संघातही माझी निवड झाली. लोक पाठ थोपटायचे आणि मला वाटायचं, दुसऱ्या कुणाच्या तरी ताटावर बसून आपण जेवतोय. तिचा खेळ माझ्यापेक्षा चांगला होता, हे सगळ्या संघाला ठाऊक होतं.

पुढच्या उन्हाळ्यात ती बाळंतपणाला माहेरी आली. एका संध्याकाळी मैदानाच्या पायरीवर येऊन बसली, आमचा सराव संपेपर्यंत बघत राहिली. मी जवळ गेले तसं तिनं विचारलं, "चावत्यात काय गं अजून?"

"टाचेला चावतात," मी म्हणाले.

खरं तर चावत नव्हते. कॅनव्हास मऊ पडला होता, माझ्या पायाचा झाला होता. ते तिला सांगायला जीभच रेटेना.

"आण बघू."

तिला वाकवत नव्हतं. मी खाली बसले, पायातले बूट काढून नाड्या पार सैल केल्या आणि ते तिच्या पायात चढवू लागले. पाय सुजलेले. टाच काही आत जाईना. मी पुन्हा ओढून पाहिलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. पाय चपलेत सरकवत तिनं विचारलं, "सेंटरला कोण हाय आता?"

"मीच."

"व्हय की," ती म्हणाली, आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली.

तिला मुलगी झाली, ती सासरी गेली. मी आणखी एक वर्ष खेळले. आजही ती कोल्हापुरात आली की घरी येते. खेळाचा विषय मी काढत नाही. तीच काढते, अगदी हौसेनं, आणि मी चहा ठेवायला आत जाते.