खोर फक्कानच्या चटईवर

ये गं सुमन, कागदातनंच का होईना, जवळ बस. दीड महिना मी परदेशात, तुझा एक फोन नाही, आणि आता म्हणे, "काय पाहिलंस ते लिही!"

अबुधाबीच्या विमानतळापासून आमच्या मंदारचं घर जवळच, खलिफा सिटीत. दार उघडलं ते कुसुमानं. श्रीलंकेची. माझी नात तारा तान्ही होती तेव्हापासून, नऊ वर्षं, तिला हिनंच सांभाळलं. आता ती कायमची गावी निघालेली, म्हणून मंदारनं खोर फक्कानची सहल काढली. "यल्ला, चल आई, डबे भर!"

सोबत शेजारच्या आस्त्रिदबाई. नॉर्वेच्या, जुन्या भाषा शिकवून निवृत्त झालेल्या. वाटेत उघडेबोडके तांबूस डोंगर आणि मग एकदम निळाशार समुद्र. डोळे निवले बघ! बाई ताराला त्यांच्याकडचे जुने शब्द शिकवत होत्या, मंदार मला मराठीत सांगत होता. कणीक मळणारी ती 'देइग्या'. पोर वाढवणारी ती 'फोस्त्रा'. आणि धनी, धनीण, गडीमाणसं सगळी मिळून 'ह्योन' (एका घरची माणसं).

"मग सगळी सुखात?" मी विचारलं.

"छे हो, गुलामही होते. ते 'थ्रॅल'," बाई म्हणाल्या. झाकून ठेवलं नाही, आवडलं मला.

किनाऱ्यावर चटई पसरली. पुरी-भाजी, शिरा. कुसुमाचा डबा मी सवयीनं वेगळा भरलेला, पेलाही वेगळा. आपल्याकडे कामवाल्यांना आपण तसंच देतो ना? तो घेऊन ती मुकाट्यानं लांब दगडावर जाऊन बसली.

तारा आपली ताटली घेऊन उठली. "आजी, शी इज माय फोस्त्रा. आय विल ईट देअर."

सून समुद्राकडे बघायला लागली. माझ्या नातीला भरवलेला तो हात, आणि त्याला निरोपाचं जेवण मी दगडावर दिलं! गुडघे धरत वाळूतनं गेले.

"कुसुमा, चलो. मेरे बाजू में बैठो."

"रहने दो अम्मा, आदत है."

"आदत मेरी खराब है. उठ!"

आली. कडेला का होईना, बसली. माझ्या ताटातला शिरा चाखून म्हणते, "अम्मा, चीनी कम है." नऊ वर्षांत पहिल्यांदा नाव ठेवलंन म्हणे! काय हसलो आम्ही.

इकडे आपल्या घरी परतल्यावर खिडकीत वेगळा ठेवलेला, आमच्या कामवाल्या मंगलचा कप उचलला आणि आपल्या कपांत मिसळून टाकला. ती अजून तोच शोधून घेते, पण होईल सवय.

तू ये लवकर. तुला कुणाच्या कपात चहा दिला, ते मात्र विचारायचं नाही.