आबांचं कोर्ट

माझे सासरे, म्हणजे आमचे आबा, आयुष्यभर बमरोलीत लूमच्या खात्यांमध्ये, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यांत, राबले. तिथल्या खडखडाटाने त्यांचे कान गेले आणि आवाज चढला. ते शेजारी बसलेल्या माणसाशीही पलीकडच्या गल्लीत हाक मारल्यासारखं बोलतात. काम सुटल्यावर त्यांना एकच नाद लागला. दूरदर्शनच्या जमान्यातली एक कोर्टाची मालिका टीव्हीवर इंटरनेटवरून दिसते, ती रोज दुपारी लावायची. खून होतो, भलताच माणूस पकडला जातो आणि काळ्या कोटातला वकील शेवटी खऱ्या गुन्हेगाराला सगळ्यांसमोर बोलतं करतो. टीव्हीचा आवाज असा, की खालच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या ओडिया कामगार पोरांनाही निकाल कळायचा.

मी आणि माझी नणंद तिथेच बसून साड्यांना लेस लावायचो. या घरात मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्याशी आपण होऊन बोललेलं एकच माणूस होतं, ते ती. सासूबाईंना मी ‘कमी बोलते’ म्हणून आवडत नव्हते, आणि नवरा पलसाण्याच्या कापड रंगवायच्या प्रोसेस मिलमध्ये, त्याची पाळी बदलली की आमची भेटही बदलायची. नणंद मात्र मला सगळं सांगायची. केस कापावेत का इथपासून ते पहिली सुपारी मोडली तेव्हा ती मोरीत जाऊन कशी रडली, इथपर्यंत.

आमच्याकडे सुपारी फुटली की लग्न ठरलं. तिची एकदा फुटली होती. मुलाने दुसरीकडे जुळवलं आणि मोडली. तिचा त्यात काडीचा दोष नव्हता, पण डाग कुणाला लागतो हे मी सांगायला नको.

मालिका बघताना आमचा एक खेळ असायचा. गुन्हेगार कोण ते आधीच ओळखायचं. आबा दर वेळी चुकायचे, मी बहुतेक वेळा जिंकायचे. एका भागात बंगल्यातल्या शेठचा खून होतो आणि पुतण्या पिंजऱ्यात उभा राहतो. मी म्हटलं, चहा आणून देणारी बाई. ती सारखी दिसत होती आणि तिला कुणी काही विचारत नव्हतं, एवढंच माझं गणित. शेवटी तीच निघाली. आबा टाळी वाजवून ओरडले, “तुले कसं समजनं? हुशार शे पोरगी!” सासरी आल्यापासूनचं ते माझं पहिलं कौतुक. मी खुळी, दिवसभर हवेत होते.

त्याच आठवड्यात नणंदेला बघायला चलथाणहून माणसं आली. मुलगा साखर कारखान्यात कायम, घर स्वतःचं. त्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, हसून बोलले आणि गेले. मग मध्यस्थाकडून निरोप आला, पहिली सुपारी मोडलेली लपवलीत, आम्हाला जमणार नाही.

नणंद दोन दिवस जेवली नाही. आणि ही गोष्ट घरातून बाहेर कुणी सांगितली ते शोधायला आबांनी कोर्ट भरवलं.

मी हे गमतीने म्हणत नाहीये. मिलला सुट्टी होती, नवरा घरी होता. आबांनी टीव्ही बंद केला, खुर्ची भिंतीला लावली आणि आम्हा सगळ्यांना समोर सतरंजीवर बसवलं. “घरमां कोनले माहित व्हतं?” असा पहिला प्रश्न. माहीत सगळ्यांनाच होतं. मग एकेकाला वेगळं. सासूबाईंनी देवाची शपथ घेतली. नवऱ्याने “मी तर ड्यूटीवर असतो” म्हटलं. आणि मग आबा माझ्याकडे न बघता मला म्हणाले, “त्या भागमां चहावाली बाई कशी वळखी तू?”

मला आधी कळेचना, ते कशाबद्दल बोलताहेत. मग कळलं. मालिकेतून आबा एकच गोष्ट शिकले होते, ज्याच्यावर संशय येत नाही तोच गुन्हेगार असतो. आणि या घरात कमी बोलणारी, चहा देणारी, आधीच सगळं ओळखणारी मी होते. माझं जिंकणं हाच माझ्याविरुद्धचा पुरावा झाला.

“मी कोनलेज काही सांगं नही, आबा.”

आबांनी लेकीला विचारलं, “तू हिले सांगेल व्हतं?”

नणंद खाली बघून म्हणाली, “मी वयनीले समदं सांगस.”

ती खोटं बोलली नाही. पण पुढे एक वाक्य हवं होतं, ‘वयनी असं करणार नही.’ मी त्या वाक्याची वाट बघत राहिले. नवरा मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. वकील कुणीच नव्हतं. सगळे उठले, आणि त्या उठण्यातच निकाल होता.

त्या दिवसापासून नणंद लेस घेऊन गॅलरीत बसायला लागली. मी चहा नेऊन दिला की ती “ठेवा” म्हणायची. आधी ती मला ‘तू’ म्हणायची.

काही महिन्यांनी डिंडोलीत एका लग्नात चलथाणच्या त्या मुलाचे काका भेटले. पंगतीत आमच्यासमोरच बसले होते. आबांनी त्यांना टोमणा मारला, आमच्या घरातल्या माणसाचं ऐकून पोर नाकारलीत म्हणून. काका हातातली पुरी ठेवून हसले. “तुम्हीज ते फोनवर सांगी राहिंतात! आम्ही जिनामां उभा व्हतूत.”

ते लोक जिना चढत होते, तेव्हा आबा गावाकडच्या भावाला फोनवर बजावत होते, पाहुणे विचारतील, पोरीची पहिली सुपारी मोडली ते बोलू नकोस. लपवायला सांगत होते ते, आणि जिनाभर ऐकू जात होतं. आम्हीही स्वयंपाकघरात ऐकलंच असणार. पण आबांच्या आवाजाकडे आमच्या घरात कुणी लक्षच देत नाही.

मी ताटावरून मान वर केली. सासूबाई भातावर वरण घेत होत्या. नवरा म्हणाला, “जे व्हयनं ते व्हयनं.” आबांना त्या वेळी खरोखरच काही ऐकू आलं नसावं. नणंदेने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याचा पेला उचलला.

मालिकेत निर्दोष सुटलेला माणूस वकिलाचा हात हातात घेतो, आणि नावांच्या पाट्या वर सरकू लागतात. मला तेव्हापासून त्या पाट्यांचा राग येतो. तो घरी गेल्यावर त्याच्याशी कोण कसं बोललं, ते कधी कुणी दाखवलं नाही. माझी कुणी माफी मागितली नाही. मी वाट बघायची सोडली, राग मात्र सोडला नाही.

नणंदेचं पुढे लग्न झालं, आमच्यापैकी कुणालाच नीट माहिती नसलेल्या घरात. या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ती माहेरी आली. आखाजीला लेकी येतातच, त्यात विशेष काही नाही. पण ती एकटी आली, तिचा नवरा सोडायला आला नव्हता. भर उन्हाळ्यातल्या दोन दिवसांच्या सणाला तिने थंडीतले कपडेही आणले होते. बॅग उचलून आत ठेवली ती मीच.

स्वयंपाकघरात ती पुरणाला हात लावायला आली तेव्हा मी हळूच विचारलं, “काय व्हयनं?”

“काही नही, वयनी. समदं बेस शे.”

मी तिच्याकडे बघत राहिले. तिला ठाऊक होतं की मला कळलंय. तिने पुरण ढवळायला घेतलं.

बाहेर आबांनी टीव्ही लावला होता. आम्ही न पाहिलेला भाग होता. मी चहा नेऊन ठेवला तर लाडात येऊन म्हणाले, “बठ ना. आज कोन शे, सांग बरं?”

पलीकडे त्यांची लेक येऊन बसली होती, भिंतीला टेकून, डोळे टीव्हीवर. तिचं मला कळलं होतंच, पडद्यावरचा गुन्हेगारही ओळखू आला होता.

“माले काय समजस, आबा,” मी म्हटलं, आणि रिकामा ट्रे उचलून आत गेले.