मुद्देमालाला पाणी

"मुद्देमालाला पाणी घालायचंय?" जज्जसाहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"हो सर. मरायला टेकलाय."

मागच्या बाकावरचे वकील खी खी करून हसले. हसा लेको! तुमचा मुद्देमाल, म्हणजे गुन्ह्यात जप्त झालेली वस्तू, कुऱ्हाड नाहीतर मोटारसायकल. तिला तहान लागत नाही.

मी गडचिरोलीत वकिली करते. माझा अशील शकीलभाई नागभीडचा नर्सरीवाला. त्याने बाहेरून ऑर्किडची रोपं मागवली आणि गाडीत घालून इकडे विकायला निघाला. वाटेत वनखात्याच्या नाक्यावर गार्ड गेडामभाऊंनी त्याला अडवलं. ही रोपं कुंडीत नसतात. लाकडाच्या तुकड्याला बांधलेली असतात, मुळं उघडी लोंबत असतात. आपल्या जंगलात मोहाच्या झाडावर असंच दिसणारं ऑर्किड येतं, आणि ते काढून आणणं गुन्हा आहे. नर्सरीत वाढवलेलं बिनधास्त विका, पण ते नर्सरीतलं आहे हे दाखवा.

शकीलभाईने बिल दाखवलं. बिलावर काय? 'फॅन्सी प्लांट्स, मिक्स.' झालं! गाडी जप्त, रोपं जप्त, वनगुन्हा दाखल. विकणाऱ्याने तर शकीलभाईचा फोन उचलणंच बंद केलं.

"ऑर्किड असं लिहून घ्यायला काय धाड भरली होती?" मी खेकसले.

"म्याडम, सब ऐसाच बिल देते. मले का मालूम, झाडाले बी पासपोर्ट लागते म्हणून?" मग हळूच म्हणाला, "गाडीचं जाऊ द्या. पण गावात लोक म्हणून राह्यले, शकील जंगल चोरते. आता माझ्या नर्सरीत कोण येईन?"

मी रेंजरसाहेबांना भेटले. ते म्हणाले, "नुसत्या पानावरून आम्ही सांगू शकत नाही. जंगलातल्याचं फूल बारकं, पिवळट-तपकिरी असतं. यांचं वेगळं निघालं तर मी स्वतः कोर्टाला तसं लिहून देतो."

बोलणं रास्त होतं. रोपांना कळ्याही धरल्या होत्या. म्हणजे शकीलभाईची अब्रू त्या कळ्यांवर. आणि कळ्या कुठे? पोत्यात! पोत्याचं तोंड सुतळीने आवळलेलं, वर लाखेचं सील.

म्हणून तो अर्ज. जज्जसाहेबांनी ऑर्डर दिली: रोपं रेंज ऑफिसच्या अंगणात सावलीत टांगा आणि पाणी घाला. गेडामभाऊंनी टांगली. प्रत्येक लाकडाला लाखेचं वेगळं सील लावून टांगली. आणि पाणी घालायचं ते दोन पंच बोलावून, पंचनामा करून. पंच कोण? समोरचा चहावाला आणि पंक्चरवाला.

"गेडामभाऊ, धंदा सोडून मी रोज झाडाले पाणी पाजाले येऊ का? तुम्हीच घाला ना!" चहावाला माझ्यासमोरच वैतागला.

"मंग मुद्देमालात गडबड केली म्हणून मले सस्पेंड कराले लावतो का?"

"अहो, पंचनामा करा असं ऑर्डरमध्ये कुठे आहे?" मी विचारलं.

"नका करू असंबी नाई ना लिहिलं, बाई."

मी कपाळावर हात मारला. बऱ्याच कळ्या पोत्यातच गुदमरून गळल्या होत्या. एकच दांडा उरला होता.

एका सकाळी गेडामभाऊंचा फोन आला. "बाई, फूल फुललं! झक्कास!" मी मिळेल त्या एसटीने पोचले. पाहते तर दांडाच नाही.

"फूल कुठे आहे?"

"सुरक्षित आहे. साहेब मीटिंगले गेले. पाखरानं खाल्लं असतं तर?" त्यांनी कपाट उघडून मला पाकीट दाखवलं. फूल तोडून, पाकिटात घालून, वर सील!

"अहो, फोटो तरी काढायचा!"

"काढला ना. तुमाले टाकला तो सकाळीच."

मी मोबाइल काढला. गेडामभाऊंचे गुड मॉर्निंग मी कधी उघडतच नाही. आज उघडला. तळहाताएवढं गर्द जांभळं फूल, खाली लाखेचं सील, मागे रेंज ऑफिसची पाटी. वर अक्षरं: 'शुभ सकाळ. हसत राहा.'

रेंजरसाहेब परतले तेव्हा पाकीट उघडलं. आतून शिजलेल्या मेथीसारखं काहीतरी निघालं. "यावरून काही सांगता येणार नाही," ते म्हणाले. मी माझा मोबाइल पुढे केला. त्यांनी तो पाहिला, मग खिशातून स्वतःचा काढला. तिथेही तेच फूल, आणि खाली त्यांनीच पाठवलेले जोडलेले हात.

साहेबांनी तिथेच रिपोर्ट लिहिला: हे जंगलातलं नव्हे. कोर्टाने गाडी आणि रोपं सोडली. रोपं जगली थोडीच. पण शकीलभाईने तो फोटो अख्ख्या नागभीडला पाठवला.

माल ताब्यात घेताना त्याने एक रोप गेडामभाऊंपुढे धरलं. "भाऊ, तुमच्याच हातानं वाचलं. घरी लावा."

गेडामभाऊ मागे सरकले. "बिल आहे का?"

शकीलभाईने गाडीतून स्वतःचं बिलबुक काढलं आणि बॉनेटवर ठेवून लिहिलं: 'ऑर्किड, जांभळं, नर्सरीत वाढलेलं, एक नग.' चला, एक तरी शिकला. आणि मी आता सगळ्यांचे गुड मॉर्निंग उघडून पाहते.