साहेब उठल्याशिवाय

कुलूपराव हे काही त्यांचं पत्रिकेतलं नाव नव्हे. मायदेशी ज्या कचेरीत त्यांनी अठरा वर्षं इमारतींच्या पाण्याच्या पाइपांचे नकाशे काढले, तिथल्या सहकाऱ्यांनी ते ठेवलं होतं. साहेब खुर्चीवरून उठल्याशिवाय हा माणूस उठत नसे, आणि साहेब आठ वाजता कचेरीला कुलूप लागेपर्यंत उठत नसत. काम पाचलाच संपायचं. पुढचे तीन तास कुलूपराव पेन्सिलींना टोक काढत निष्ठा सिद्ध करायचे. या निष्ठेचं चीज म्हणून पगार वाढला नाही, नाव मात्र मिळालं.

परदेशी नोकरी लागली तेव्हा हे संस्कार त्यांनी चष्म्यापेक्षा जपून सोबत नेले. तिथे सहा महिन्यांची परीक्षा होती. तीत उतरले तर नोकरी कायम, आणि मग बायको आणि नववीतली मुलगी तिकडे राहायला येणार. नाही उतरले तर परतीचं तिकीट. मुलीने तर पलंग कुठे, टेबल कुठे, असा आपल्या खोलीचा नकाशाही काढून पाठवला होता. गुण बापाचाच.

पहिल्याच दिवशी तिथल्या वरिष्ठ मॅडम म्हणाल्या, "मला नावानेच हाक मारा." घोडं इथेच पेंड खायला लागलं. वरिष्ठ बाईला नावाने हाक मारायला कुलूपरावांची जीभ रेटेना. मग त्यांनी मधला मार्ग काढला. हाक मारायची वेळ आली की खाकरायचं. महिन्याभरात शेजारच्या टेबलावरच्या माणसाने त्यांच्यापुढे खोकल्याच्या गोळ्यांचं पाकीट आणून ठेवलं. माणसं प्रेमळ होती, त्याबद्दल तक्रार नाही.

पण रीतभात? पाचच्या ठोक्याला सगळे पिशव्या उचलून पसार. "येऊ का" नाही, "निघू का" नाही. कुलूपरावांना त्यांची कीव यायची.

"निष्ठा कशाशी खातात हे इथे कुणाला ठाऊक नाही," त्यांनी बायकोला फोनवर सांगितलं. "आठपर्यंत बसतो ते मी आणि मॅडम, दोघंच. त्यांच्या लक्षात येतच असेल."

"एवढा वेळ करता काय?"

"बसतो."

लक्षात तर येतच होतं. त्या कचेरीत कुणी हललं नाही की दिवे आपोआप विझायचे. मग एका टोकाला कुलूपराव हात हलवायचे, दुसऱ्या टोकाला काचेच्या खोलीत मॅडम हात हलवायच्या, की पुन्हा उजेड. कुलूपरावांना वाटायचं, ओळख वाढतेय. ते मान लववून हसायचे. मॅडम घड्याळाकडे बघायच्या.

सहा महिने भरले. मॅडमनी त्यांना समोर बसवून कागद वाचून दाखवला. नकाशे उत्तम, चुका नाहीत. पण दिलेलं काम वेळेत उरकत नाही, रोज तीन तास जादा लागतात. सबब कायम करू नये.

कुलूपरावांच्या पायाखालची वाळू सरकली. ते खाकरले. डोळ्यांपुढे मुलीचा तो नकाशा आला आणि तोंड आपोआप उघडलं.

"काम तर पाचलाच संपतं."

"मग बसून का राहता?"

"तुम्ही बसलेल्या असता ना. तुमच्या आधी कसा उठू?"

मॅडमनी हातातला कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "हाताखालच्या माणसाला इमारतीत एकटं सोडून मला जाता येत नाही, तसा नियमच आहे. सहा महिने मी तुमच्या उठण्याची वाट बघतेय. माझा मुलगा रोज विचारतो, आज तरी तो माणूस लवकर गेला का म्हणून. मी बोलले नाही, कारण म्हटलं, काम जमत नाही म्हणून तुम्ही आधीच कानकोंडे झाला असाल."

त्यांनी शेरा खोडला आणि खाली 'कायम' असं लिहून सही केली. "पाच वाजलेत," त्या म्हणाल्या. "आता कृपा करा आणि उठा."

कुलूपराव उठले. कचेरीसमोरचा रस्ता संध्याकाळच्या उन्हात ते प्रथमच बघत होते. बाकावर बसून त्यांनी बायकोला फोन लावला. बातमी ऐकून मागे मुलगी नाचत असल्याचा आवाज आला. मग त्यांनी सगळी हकिकत सांगितली. बायको पोट धरून हसली, आणि हसता हसता थांबली.

"अहो, मग इकडचे साहेब कशाला बसायचे आठपर्यंत?"

कुलूपरावांनी जुन्या साहेबांना फोन लावला. साहेब आता निवृत्त होते.

"साहेब, एक विचारू? तुम्ही रोज आठपर्यंत का थांबायचात?"

"मी कुठला थांबतोय? तू खाली मान घालून बसलेला असायचास. घरी आमची ही रोज बोल लावायची. पण हाताखालचा माणूस राबतोय आणि साहेब उठून चाललेत, बरं दिसतं का ते?"

मुलीने पाटीवर पहिलं अक्षर काढलं ते कुलूपरावांनी पाहिलं नव्हतं. रोज घरी पोचेपर्यंत ती झोपलेली असायची. त्या सगळ्या संध्याकाळी त्यांनी साहेबांना वाहिल्या होत्या, आणि साहेबांना त्या नकोच होत्या.

"हॅलो? आहेस ना?" साहेबांनी विचारलं.

कुलूपराव खाकरले.