नागपूरची मुलाखत आणि आईचं आजारपण

आईला काहीही झालेलं नव्हतं. बोरी अरबच्या आमच्या घरी ती ठणठणीत होती, आणि मी घाटंजीजवळच्या डाळमिलमध्ये उभी राहून सांगत होते की तिची तब्येत अचानक बिघडलीय, मला दोन दिवस जावं लागेल.

हे मी सांगत होते आमच्या कंपनीच्या अध्यक्ष मावशींना. कंपनी म्हणजे आसपासच्या गावांतल्या आणि बंजारा तांड्यांवरच्या बायकांची शेतकरी उत्पादक कंपनी. बायकांच्या शेतातली तूर मिलमध्ये यायची, तिची डाळ व्हायची आणि यवतमाळ-नागपूरच्या दुकानांत जायची. एका संस्थेनं मला तिथं व्यवस्थापक म्हणून नेमलं होतं. मावशी तांड्यावरच्या. शाळा फारशी झालेली नाही, पण सभेत त्या बोलायला लागल्या की मागच्या रांगेतली कुजबुज थांबायची.

"काय झालं याडीले?" त्यांनी विचारलं. तांड्यावर आईला याडी म्हणतात.

"बीपी वाढलाय." तोंडाला आलं ते बोलून गेले.

"मंग जाय ना, पोरी. उभी काहून राह्यली?"

"उद्या भाव ठरवायची सभा आहे..."

"ते पाहून घेऊ आम्ही. तू जाय."

खरं कारण असं होतं की दुसऱ्या दिवशी नागपूरच्या एका हॉटेलात माझी मुलाखत होती. देशातल्या मोठ्या बिझनेस स्कूलची. त्या मुलाखतीसाठी मी वर्षभर खपले होते. मिलवरून खोलीवर आले की गणितं सोडवायची, रविवारी सराव परीक्षा द्यायची. परीक्षेत मार्क बरे पडले, पण अर्जात निबंध होते आणि तिथं माझं घोडं अडलं. आमच्याच संस्थेतून काही वर्षांपूर्वी तशाच एका स्कूलमध्ये गेलेला एक दादा होता, तो फोनवर माझे निबंध तपासून द्यायचा. पहिला निबंध वाचून तो म्हणाला, "यात सगळीकडे 'आम्ही' आहे. आम्ही मिल उभी केली, आम्ही ग्राहक शोधले. त्यांना बायकांच्या कंपनीला प्रवेश द्यायचा नाहीये, तुला द्यायचाय. तू काय केलंस ते लिही."

मी 'आम्ही' काढून 'मी' घालत गेले. व्याकरण बदललं की क्रियापदंही बदलतात, आणि क्रियापदं बदलली की जे घडलं तेही थोडं बदलतं. मिलची जागा मावशींनी सरपंचाशी भांडून मिळवली होती. निबंधात ती मी "स्थानिक नेतृत्वाशी वाटाघाटी करून" मिळवली. ते अगदी खोटंही नव्हतं, त्या भांडणात मी मावशींच्या शेजारी बसलेली होतेच. शेवटच्या परिच्छेदात मी लिहिलं की आज या महिला खरेदीचा भाव स्वतः ठरवतात, त्यांना व्यवस्थापकाची गरज उरलेली नाही. दादाला तो परिच्छेद फार आवडला.

संस्थेच्या संचालकांना मी सगळं सांगितलं होतं, कारण शिफारस त्यांच्याकडूनच हवी होती. ती त्यांनी आनंदानं दिली. "बायकांना निकाल लागल्यावरच सांगू, उगाच घाबरतील," असं ते म्हणाले, तेव्हा मला हायसं वाटलं. मावशींसमोर बसून हे बोलायची हिंमत माझ्यात नव्हती. त्या "नको जाऊ" म्हणतील अशी भीती होती, आणि "जाय" म्हणतील याचीही.

मुलाखत घ्यायला तिघं होते. सुरुवातीचे प्रश्न सोपे गेले. मग त्यांच्यातल्या बाईंनी चष्मा काढून विचारलं, "तुम्ही निघून गेलात तर या मिलचं काय होईल?"

या प्रश्नाची तयारी दादानं करून घेतली होती. पण मला आयत्या वेळी त्याहून चांगलं उत्तर सुचलं. मी म्हणाले, "मॅडम, आज त्यांची हंगामातली सगळ्यात महत्त्वाची सभा चालू आहे. तुरीचा भाव ठरतोय. आणि मी इथे तुमच्यासमोर बसलेय."

तिघंही हसले. एकानं समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. बाहेर आले तेव्हा आपण जिंकलो हे मला कळलं होतं. हॉटेलच्या पायऱ्या उतरता उतरता फोन सुरू केला, तर आईचे कितीतरी मिस्ड कॉल.

"माह्या बीपीचं कोणाले सांगतलं तू?" आईचा पहिलाच प्रश्न.

"का गं, काय झालं?" मी पायरीवरच थांबले.

"तुया मिलच्या बाया आलत्या घरी. अध्यक्षबाई अन् तिच्यासंगं दुसरी एक. दोन गाड्या बदलून आल्या बिचाऱ्या. भाकरी आणल्या, तांड्यावरच्या देवीचा अंगारा आणला. अन् बिमार बाई कुठी, त टिनाच्या छतावर! मी मिरच्या वाळू घालाले चढली होती."

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगू? त्या खालून म्हणते, बाई, उतरा, चक्कर येईन. मी म्हटलं, चक्कर कायची? मंग समजलं मले. पण मी तुयासाठी खोटं बोलणार नाही. नागपूरले गेली, मोठ्या कॉलेजची परीक्षा हाय, असं सांगून टाकलं."

"रागावल्या?"

"नाही. चहा पेल्या. अंगारा देऊन गेल्या. म्हणे, राहू द्या, कामी येईन."

मी फोन ठेवणार तेवढ्यात आई म्हणाली, "अन् तुमची ते सभा पुढं ढकलली म्हणे. तुही माय बिमार, तू नाही, मंग कशी घ्यावी, असं म्हणत होत्या."

यवतमाळच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. आजवरच्या सगळ्यात यशस्वी दिवसाचा आनंद मला कळंबपर्यंतही पुरला नाही. मी ज्या सभेची फुशारकी मारत होते, ती माझ्याच खोटेपणामुळे झालीच नव्हती. आणि ज्या बायकांना माझी गरज नाही असं मी सांगत होते, त्या तेव्हा माझ्या आईसाठी अंगारा घेऊन बसमध्ये उभ्या असतील.

दुसऱ्या दिवशी मिलवर गेले. मावशी पोत्यांच्या थप्पीपाशी होत्या. मी सरळ म्हणाले, "मावशी, मी खोटं बोलले."

"हाव. समजलं." त्या पोती मोजत राहिल्या. मग थांबून म्हणाल्या, "मले एकच सांग. कायले? आम्ही का तुले दावणीले बांधून ठेवलं असतं?"

"मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटलं असतं. वाईट वाटलं म्हणून माणूस मरते का?" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पण मायले तोंडानं बिमार पाडू नये कोणी. माही याडी असती त मी असं नसतं बोलली."

त्यांची आई मागच्याच उन्हाळ्यात गेली होती. मी तेव्हा तांड्यावर गेले होते, त्यांच्या शेजारी बसले होते.

सभा पुढच्या आठवड्यात झाली. तोवर व्यापाऱ्यांच्या गाड्या गावोगाव फिरून गेल्या होत्या. आमचा भाव जाहीर नव्हता, आणि ज्यांना तातडीची गरज होती त्या बायकांनी मिळेल त्या भावानं तूर देऊन टाकली. त्या हंगामात आमची मिल पुष्कळ दिवस बंद राहिली. सभेत मी उभी राहिले आणि हे माझ्यामुळे झालं असं सांगितलं. एक म्हातारी म्हणाली, "जाऊ दे बापा, व्यापारी त दरसाल येते." दुसरीनं विचारलं, "मंग तुले भेटलं का कॉलेज?" तेव्हा निकाल लागायचा होता. तो लागल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे मागितले. मावशींनीही टाळ्या वाजवल्या. कुणीतरी मला फाडून खाल्लं असतं तर बरं, असं मला वाटत होतं, पण तेवढं सुख कुणी दिलं नाही. त्या दिवसापासून मावशी मला मॅडम म्हणायला लागल्या एवढंच.

प्रवेश घ्यायला अवधी होता, तोवर मी मिल सोडली नाही. नागपूरच्या दुकानदारांचे फोन मी मावशींच्या हातात द्यायला लागले. पहिल्यांदा त्यांनी फोन कानापासून लांब धरला, मग दुकानदाराशी अशा बोलल्या की त्यानं नंतर मला फोन करून विचारलं, "ह्या बाई कोण?" पुढे हरभऱ्याचा भाव ठरवायच्या सभेला मी मुद्दाम गेले नाही. त्यांनी ठरवलेला भाव मला जास्त वाटला. तसं मी बोलून दाखवलं नाही. नफा थोडका झाला, पण हरभरा व्यापाऱ्याकडे गेला नाही.

आता मी त्या स्कूलमध्ये शिकतेय. इथे पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला आपापली ओळख करून द्यायची होती, आणि मी निबंधातलीच गोष्ट सांगितली, 'मी'सकट. वर्गातल्या एका मुलानं नंतर येऊन हात मिळवला आणि म्हणाला की असं काम करणाऱ्या माणसांबद्दल त्याला फार आदर वाटतो. मी थँक यू म्हणाले. खरी गोष्ट सांगायला तेव्हा वेळ होता. मी सांगितली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मिलवर जाऊन आले. नवीन व्यवस्थापक दिग्रसकडची आहे, माझ्याहून कमी बोलते. कंपनी आता बायकांचं सोयाबीनही विकत घेते. मावशींनी चहा मागवला, तिकडे काय शिकवतात ते विचारलं. मी घरून ठरवून आले होते. म्हणाले, "मावशी, त्या तुरीचं अजून डोक्यातून जात नाही माझ्या."

त्यांनी कप खाली ठेवला. "ते तुमचं तुमी पाहा, मॅडम. आम्हाले आता सोयाबीन पाहू द्या." त्यात राग नव्हता. तेवढ्यात फाटकापाशी ट्रॅक्टर लागला आणि त्या पदर खोचत बाहेर गेल्या. मी चहा संपवला, कप धुऊन पालथा घातला आणि यवतमाळच्या गाडीसाठी रस्त्यावर जाऊन उभी राहिले.