बाटली धरायला कोणी नाही

आमची गाडी कार्बुरेटरची आहे म्हटलं की आजकालची पोरं तोंडाकडं बघत राहतात. बघोत बापडी! घेतली तेव्हा सगळ्याच गाड्या तशा होत्या. इंजिनाला चिकटलेला छोटा पंप टाकीतलं पेट्रोल ओढून आणायचा, कार्बुरेटरमध्ये टाकायचा, तिथं त्यात हवा मिसळायची, आणि गाडी चालायची. त्या पंपात एक पडदा असतो. तो फाटला की सगळं ठप्प.

तो पहिल्यांदा फाटला पेडगावहून परभणीला येताना, ओढ्यावरच्या एका मोरीपाशी. ऊन मी म्हणत होतं. मी बॉनेट उघडून गाडीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत उभा. बायको उतरून म्हणाली, "शिव्या खाऊन चालणाराय का ती?" मग आमच्याकडचा कुठलाही जुना गाडीवाला करतो तेच केलं. डिकीतल्या पेट्रोलच्या बाटलीच्या झाकणातून नळी आत घातली, नळीचं दुसरं टोक कार्बुरेटरला जोडलं, बाटलीच्या बुडाला हवेसाठी बारीक भोक पाडलं. बाटली उलटी धरली की पेट्रोल आपोआप उतरतं. फक्त ती इंजिनापेक्षा उंच धरणारं कुणीतरी पाहिजे. बायकोनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि घरापर्यंत बाटली धरून बसली. मी सारखं तिकडंच बघायलो तर म्हणाली, "तुमी समोर बगा. बाटली मी बगते."

पंप मी दुरुस्त केला, पण तो अधूनमधून दगा द्यायचाच. मग ती मुकाट्यानं हात पुढं करायची, द्या बाटली म्हणून. त्या मोरीची गोष्ट सांगून गाडी आपण दोघं मिळून चालवतो असं ती पोरासकट सगळ्यांना सांगायची. खोटं नव्हतं ते.

शेवटच्या दुखण्यात तिला घरीच सलाइन लावलं. भिंतीला खिळा नव्हता, म्हणून मी बाटली धरून उभा राहिलो. ती हसली. म्हणाली, "आता तुमची पाळी."

ती गेल्यावर गाडी पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिली. पंप पुरता संपला होता. पोरगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, काढून टाका आता. एकटे जाल, मधेच बंद पडली तर बाटली कोण धरणार?" लय राग आला मला. तो खरं बोलत होता म्हणूनच आला. मी म्हणालो, "पेडगावला जाऊन येतो एकटा. वाटेत एकदा जरी बंद पडली तर दे भंगारात." तो म्हणाला, "शब्द?" मी म्हणालो, "शब्द!"

मी आयुष्यभर बोअरच्या जळालेल्या मोटारी भरल्या, त्यांच्यात तांब्याची तार नव्यानं गुंडाळली. पंप म्हणजे माझ्या घरचं काम, आणि तिथंच मी माती खाल्ली. बोअरला जितका जोर तितकं चांगलं. त्याच हिशोबानं दुकानातला सगळ्यात दणकट विजेचा पंप उचलला. दुकानदार म्हणाला, "काका, हा नव्या गाड्यांचा हाय." मी म्हणालो, "मला नको शिकवू." बसवून बटण दाबलं आणि कार्बुरेटरमधून पेट्रोल उसळून इंजिनभर झालं! कार्बुरेटरच्या वाटीत एक इवलीशी सुई असते, वाटी भरली की ती वाट बंद करते. एवढ्या जोरापुढं ती बिचारी काय टिकणार? नशीब, इंजिन गार होतं. माझं मलाच हसू आलं. "बघ ग, कसा वेड्यासारखा..." म्हणत मी वळलो. शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं.

मुकाट्यानं जाऊन कमी जोराचा पंप आणला. तो ओढतो कमी, ढकलतो जास्त, म्हणून मागं टाकीजवळ, टाकीच्या खालच्या अंगाला बसवला. त्याच्या आधी गाळणी. पेट्रोलची जुनी लोखंडी नळी आतून गंजली होती, ती काढून रबरी नळी टाकली, सायलेन्सरपासून लांबून नेली, प्रत्येक जोडाला क्लिप आवळली. पंपाची वायर फ्यूजमधून स्टिअरिंगखालच्या बटणाला जोडली. हे सगळं गाडीखाली उताणं पडून, टॉर्च दातात धरून. टॉर्च धरायचं काम तिचं होतं.

कार्बुरेटरजवळ वीतभर नळी कमी पडली. कपाटात सलाइनची नळी उरली होती. पेट्रोलनं ती लाकडासारखी कडक होते आणि तडकते, हे मला चांगलं माहीत होतं. तरी काढली, हातात घेऊन बसलो. मग परत ठेवली आणि बाजारातून रबरी तुकडा आणला.

पेडगावला निघालो. बटण दाबलं की मागून पंपाची टकटक यायची. गाडी अशी चालली की काय सांगू! ना आचका, ना धक्का. गावात पोचलो, फाट्यावर चहा घेतला आणि परत फिरलो. जिंकलो होतो मी. आणि मला फार एकटं वाटलं. या गाडीला आता कुणाचीच गरज नव्हती.

मोरी दिसायला लागली तसं मी स्टिअरिंगखाली हात घातला आणि पंपाचं बटण बंद केलं. वाटीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी थोडी चालली, मग आचके देत मोरीपाशी येऊन थांबली. मी बाजूच्या सीटकडं बघत बसलो.

एक मोटरसायकलवाला थांबला. "काय झालं काका? पेट्रोल संपलं काय?"

"न्हाई बाबा, भरपूर हाय," मी म्हणालो. तो गेला. मग डोळे पुसले, बटण दाबलं आणि घरी आलो.

संध्याकाळी पोराचा फोन आला. "जाऊन आलात? मधी कुठं बंद पडली का?"

शब्द दिला होता. "पडली," मी म्हणालो. "एकदा."

तो हळूच म्हणाला, "मोरीपाशी?"

"हं."

"मग राहू द्या गाडी, बाबा. जेवून घ्या."

मी फोन ठेवला. भात लावायचा होता, एकट्यापुरता.