भुसभुशीत मामा

माझ्या मामाला सगळी वस्ती भुसभुशीत मामा म्हणायची. भाड्याने टिलर, म्हणजे माती फोडायचं यंत्र, चालवायचा, आणि काम झालं की मातीत मनगटापर्यंत हात खुपसून मालकाला म्हणायचा, एक ढेकूळ काढून दाखव. ढेकूळ निघणं म्हणजे त्याला स्वतःची बेअब्रू वाटायची.

बाबा गेल्यावर त्याने आईच्या भाजीच्या वाफ्यांवर मोर्चा वळवला. बाबांनी त्या मातीत वर्षानुवर्षं पालापाचोळा जिरवला होता. त्यांच्या हातचं असं आईकडे तेवढंच उरलं होतं. आई बोलवायची, मामा टिलर घेऊन हजर. पहिल्या हंगामात भाजी अशी तरारली की मामाचे पाय जमिनीवर ठरेनात. मग मात्र ती खुरटत गेली. पाणी दिलं की मातीवर पापुद्रा धरायचा आणि कोंब आतच मान मोडून बसायचे.

मी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला, त्यात फटकळ. मामादेखत दोन पेल्यांत पाणी घेतलं. एकात कुंपणाकडचं, टिलर न लागलेलं ढेकूळ सोडलं, दुसऱ्यात वाफ्यातल्या पापुद्र्याचा तुकडा. ढेकूळ जसंच्या तसं राहिलं. तुकड्याचा बघता बघता गाळ झाला. मी मामाला सांगितलं, ढेकळाच्या पोटात कुजलेला पाला कोंडलेला असतो. जंतू तिथे सहजी पोचत नाहीत, म्हणून तो टिकतो आणि मातीला धरून ठेवतो. ढेकूळ फोडलं की त्यांना ताट वाढून दिल्यासारखंच. त्यांनी तो पाला फस्त केला, त्यातून सुटलेल्या खतावर तुझी पहिली भाजी तरारली, बाकीचं वायू होऊन हवेत गेलं.

मामा पेल्याकडे बघतच राहिला. "म्हणजे दाजींचं सगळं मी उडवलं," एवढंच बोलला.

त्यानंतर तो आमच्याकडे फिरकेना. आईचा फोनही घेईना. शेवटी आईच मला घेऊन त्याच्या खोलीवर गेली. तो खाटेवर बसून होता, मान खाली. ताई, माफ कर म्हणायलाही मला तोंड नाही, म्हणाला.

आई त्याच्या शेजारी बसली. "मला काय दिसत नव्हतं? माती पिठासारखी उडायला लागली, ते मला केव्हाच कळलं होतं."

"मग मला थांबवलं का नाहीस?"

"नुसतं ये म्हटलं असतं, तर आला असतास?"



"नसतो आलो," तो म्हणाला.